वरात गेली त्या दिवसाचा फौजदार

परवा नातीनं मला फौजदार केलं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी अहिराणीत विनोदी व्हिडिओ बनवतात, आणि आमच्याकडची माणसं शेतात पाणी भरता भरता मोबाईलवर ते बघून हसतात. या खेपेच्या गोष्टीत एक तोतया फौजदार हवा होता. नंदुरबारहून वर्दी भाड्यानं आली. ती कोणा सडपातळ माणसाच्या मापाची असावी, कारण पोटावरचं बटण काही केल्या लागेना.

"मोठी माय, श्वास आत ले," नात म्हणाली.

"आत लिसू तं डायलॉग कसा बोलसू?"

शेवटी तिथं सेफ्टी पिन लावली आणि वरून पट्टा आवळला. खांद्यावरचे तारे पुठ्ठ्याचे, छातीवरची पट्टी कोरी. नातीचा नियम कडक आहे: वर्दी घालून रस्त्यावर जायचं नाही, शूटिंग आपल्याच शेतात, नाहीतर कोणी खरंच तक्रार करेल. मी मान डोलावली. कोपऱ्यात माझी ननंद चहा पीत बसली होती. ती नर्स म्हणून रिटायर झाली, तळोद्याला राहते, आणि आमच्याकडं आली की आधी माझं बीपी बघते आणि मग चहा मागते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "त्या टाईमले तू काडीनी मायक दिसे, वहिनी. आते खरी फौजदार दिसी ऱ्हायनी. पोट शे ना!"

नातीनं मोबाईल खाली ठेवला. "कोणत्या टाईमले?"

 ही गोष्ट आम्ही दोघींनी घरातल्या एकाही पुरुषाला कधी सांगितलेली नाही. का ते पुढं येईलच. पण नात पुरुष नाही, म्हणून तिला सांगितली. आणि लिहायचं नाही असं काही कोणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे. घरातल्या पुरुषांनी हे वाचलंच तर त्यांनी मला काही विचारू नये.

माझं माहेरही तळोद्याचं. लहानपणी बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा यायचा. पडद्यापुढं मातीत बसून मी पोलीस खात्याचा सगळा अभ्यास केला. सिनेमातला पोलीस दोन प्रकारचा. एक खरा. तो सगळी मारामारी संपल्यावर जीप घेऊन यायचा आणि त्याला कोणी विचारत नसे. दुसरा खोटा, म्हणजे हिरोच, मिशी चिकटवून आणि खाकी चढवून गुंडांच्या अड्ड्यात शिरलेला. त्याला मात्र सगळे सलाम ठोकायचे. त्याचं नाक तेच, डोळे तेच, आवाजही तोच. आदल्या गाण्यात ज्या पोरीच्या मागं झाडाभोवती पळाला, ती समोर उभी. पण मिशी दिसली की तिलाही ओळख पटायची नाही. मी मातीतून उठून ओरडायचे, "अवं बाई, तोच शे ना तो!" मागचे लोक माझा फ्रॉक ओढून मला खाली बसवायचे.

इतकं ओरडूनसुद्धा घरी जाताना माझ्या डोक्यात काय पक्कं बसावं? तर खाकी आणि मिशी एवढं जमलं की जगात काहीही करता येतं. एवढी हुशार मुलगी होते मी. लग्नात भांडीकुंडी दिली त्यांच्याबरोबर हे शहाणपणही सासरी घेऊन आले.

सासर तापीकाठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडं. केळी, ऊस, कापूस. नवरा एष्टीत कंडक्टर, शेती सासऱ्यांकडं. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, म्हणजे मनातल्या मनात म्हणायचो, कारण त्यांच्याशी सुनांनी बोलायचं नसे. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचंच असलं तर सासूबाईंच्या मार्फत. आप्पा खोकले की आम्ही आत पळायचो.

या घरात मला एकच गोष्ट माझ्या मनासारखी सापडली, ती म्हणजे वरात जाण्याचा दिवस.

तेव्हा वरातीबरोबर बायका जात नसत. दोन-चार करवल्या तेवढ्या जायच्या. भावकीतले सगळे पुरुष ट्रकमध्ये चढून निघून गेले की मागं उरलेलं घर बायकांचं. मांडवात सोंगं निघायची. कोणी भटजी व्हायची, कोणी सावकार, कोणी दारुडा नवरा. चुकून मागं राहिलेला एखादा पुरुष हाती लागला तर त्याला धरून बांगड्या भरायच्या. वरात दुसऱ्या दिवशी नवरीला घेऊन परत यायची, आणि तोवर घरात जे काही चालायचं त्याला एकच नियम होता: वरात गेली त्या दिवसाचं पुरुषांनी विचारायचं नाही आणि बायकांनी सांगायचं नाही. विचारलं तर नव्या जोडप्याच्या संसाराला चांगलं नसतं म्हणे. चांगलं-वाईट देवाला माहीत, पण नियम पोलादी होता. परत आलेला नवरा मांडवात पडलेली कोळशाची दाढी बघायचा, मान वळवायचा आणि पाणी मागायचा.

माझ्या चुलत दिराचं लग्न ठरलं आणि नेमक्या त्याच दिवशी ननंदेची मुलाखत आली.

ननंद मॅट्रिक पास होती. तिला नर्स व्हायचं होतं. शाळेतल्या बाईंनी अर्ज भरून दिला होता, मुलाखत नंदुरबारला. आप्पांनी आधीच नाही म्हणून टाकलं होतं. परक्या माणसांची अंगं पुसायची, रात्रीबेरात्री एकटीनं दवाखान्यात राहायचं, हे आपल्या घरात चालायचं नाही. त्यात सुरतेकडचं एक स्थळ आलं होतं. ते पाहुणे या लग्नाला येणार होते आणि आप्पा तिथंच बोलणी पुढं नेणार होते. मुलाखत एकदाच होती. ती हुकली असती तर पुढच्या दिवाळीच्या आत पोरगी सुरतेला पोळ्या लाटत बसली असती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सासूबाईंनाही माहीत होतं. सासूबाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त वरात निघायच्या सकाळी त्यांनी करवलीच्या साडीची घडी परत पेटीत ठेवली आणि ओसरीवर जाऊन म्हणाल्या, "पोरले ताप भरना. करवली दुसरी लई जा."

आप्पा आत आले. पोरीच्या कपाळाला हात लावला. ते खरंच गरम होतं, कारण मी तिच्या दोन्ही काखांत कांदे ठेवले होते. आप्पांचा चेहरा उतरला. "सूनबाईले सांग, काढा दे म्हना. आनि एकटी नको सोडू तिले," असं सासूबाईंना सांगून ते ट्रककडं गेले. मी पदराआडून मान हलवली. एकटी सोडायचा माझा काडीचाही विचार नव्हता.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तशी ननंद उठली, कांदे फेकले आणि वेणी घालायला बसली.

आता नंदुरबारला जायचं कसं? लग्नसराईत एष्ट्या भरून यायच्या आणि आमच्या फाट्यावर हात दाखवला तरी थांबायच्या नाहीत. उरल्या काळ्या-पिवळ्या जीपा. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या दांडीला लोंबकळणारी माणसं. त्यात तरणी पोरगी एकटी चढली की चार जण विचारणार, कोणाची, कुठं चालली, आणि बातमी आमच्या आधी लग्नाच्या मांडवात. घरातल्या बायका विचार करू लागल्या. मला मात्र विचार करायची गरजच पडली नाही. तंबूतला सिनेमा होता ना!

"पोलीसनी हात दिधा तं जीप गुमान थांबस," मी म्हटलं. "ड्रायव्हर पोरले पुढे बसाडी. कोनी एक शब्द इचारनार नही."

"पोलीस कोठे शे?" सासूबाईंनी विचारलं.

"मी शे."

खरंतर सोंगासाठी माझी तयारी आदल्या दिवशीच झाली होती. मी फौजदार होणार होते. नवरा सफारी घालून वरातीला गेला होता आणि त्याची एष्टीची खाकी खुंटीवर होती. शर्ट, पँट, छातीवर पितळी बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी. खाकी ती खाकी, माझ्या मते त्यात फरक करण्यासारखं काही नव्हतं. डोक्यावर धाकट्या दिराची स्काउटची टोपी, बुटांत बोळे, हातात उसाचं कांडं. मिशीसाठी म्हशीच्या शेपटीचे केस कापले होते आणि पिठाची खळ शिजवून ते आता ओठावर चिकटवले. आरशात बघितलं तर मला स्वतःलाच सलाम ठोकावासा वाटला. आज माझा तेव्हाचा फोटो असता तर मी तो व्हिडिओवाल्या नातीला दिला असता. रेशनच्या पोत्यात काठी घातल्यासारखं ध्यान, आणि वर म्हशीचे केस.

फाट्यावर आम्ही तिघी गेलो. ननंद, मी, आणि माझी चुलतसासू, म्हणजे खुद्द नवरदेवाची आई. ती त्या दिवशी चोराचं सोंग घेऊन बसली होती. धोतर, तोंडाला काजळी, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. तुम्ही कशाला येता म्हटलं तर म्हणाली, "पोलीसजोडे चोर नको का? दोर पाहीसन कोनाले शंका नही येवाव." तिचं म्हणणं मला तेव्हा फार पटलं.

ऊन चढलं होतं. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला केळी. प्रकाशाकडून पहिली जीप आली. टपावर गाठोडी आणि माणसं, बॉनेटवरसुद्धा एक जण पाय सोडून बसलेला. मी रस्त्याच्या मधोमध गेले, छाती काढली आणि उसाचं कांडं आडवं धरलं.

जीप थांबली खरी. पण बरीच लांब थांबली. ड्रायव्हरनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं. मग गिअरचा खर्रकन आवाज झाला आणि जीप उलटी जाऊ लागली. टपावरच्या माणसांना वाटलं आता सगळ्यांना धरणार. एकेकानं उड्या टाकल्या. एक धोतरवाले बाबा गाठोड्यासकट केळीत घुसले. बॉनेटवरचा माणूस उसात गेला. जीप वळली आणि आल्या वाटेनं धूळ उडवत पसार झाली.

"अरे थांबा!" असं मला ओरडायचं होतं. पण उन्हानं खळ वाळून कडक झाली होती आणि वरचा ओठ हलेना. तोंडातून नुसतं "हंऽऽ हंऽऽ" निघालं. ते ऐकून केळीतले बाबा आणखी आत पळाले.

दुसरी जीप तशीच गेली. तिसरी तर आमच्यापर्यंत आलीच नाही, दूरवर दिसली आणि तिथूनच वळली. मग एकही येईना. तेव्हा मोबाईल नव्हते, पण जीपवाल्यांना त्यांची गरजही नव्हती. येणारा जाणाऱ्याला दिवा मारायचा, हात खिडकीबाहेर काढून खाली दाबायचा, म्हणजे पुढं पोलीस आहे. जो तो भरलेली जीप घेऊन मागं वळायचा. जास्तीची माणसं भरल्याशिवाय त्यांचा धंदा चालत नसे आणि जास्तीच्या माणसांवर पोलीस डोळा ठेवून असत. एवढी साधी गोष्ट तापीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मलाच नव्हती. मी तंबूत बसून शिकलेली ना! माझ्या सिनेमात पोलीस बघून फक्त वाईट माणसं पळायची. इथं सगळा रस्ताच पळाला होता.

नेहमी कर्कश हॉर्न वाजणाऱ्या त्या रस्त्यावर इतकी शांतता झाली की उसाची पानं घासलेली ऐकू येऊ लागली.

ननंद मैलाच्या दगडावर बसली. तिनं डोळ्यांत काजळ घातलं होतं. ते आता गालावर उतरलं होतं. "तुनी मन्हा रस्ता बंद करी टाका, वहिनी," ती म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली.

यावर मी काय केलं असेल? वर्दी उतरवली? छे. मला वाटलं मिशी कमी पडली. मी पिशवीतून उरलेले केस काढले, थुंकीनं खळ ओली केली आणि मिशी दुप्पट केली. ओठ जरा सुटला एवढाच फायदा झाला.

"अवं, कपडा काढ ते!" चुलतसासू कमरेचा दोर हिसकत म्हणाली. "तुले देखीसनच पयी ऱ्हायनात बठ्ठा."

"काढीसन काय घालू? मन्हं लुगडं घर शे!"

"मंग उसमा दप. नही तं पोरनी जिंदगी जाई."

मग मी फौजदार उसात जाऊन बसले. चोर रस्त्यावर उभा राहून गाड्या बघू लागला. उसात आधीच बॉनेटवरचा तो माणूस बसलेला होता. त्यानं मला बघितलं, हात जोडले आणि सरपटत पलीकडच्या सरीत गेला.  मला स्वतःचंच रडू येत होतं. नंदुरबारच्या दवाखान्यात आत्ता एकेका मुलीला आत बोलवत असतील, हे डोळ्यापुढं येत होतं. आणि जीप येणार नव्हती. बातमी तळोद्यापर्यंत पोचली असणार.

तेवढ्यात चुलतसासू ओरडली, "एष्टी उनी वं, एष्टी!"

लाल एष्टी येत होती, दारापर्यंत भरलेली. ननंदेनं हात दाखवला. चुलतसासूनं दोन्ही हात दाखवले. एष्टीनं वेग कमी केला नाही. मला काय झालं माहीत नाही, मी उसातून उडी मारून सरळ रस्त्यावर गेले. टोपी पडली, पिशवी आपटली, आतला तिकिटं टोचायचा पंच बाहेर येऊन लोंबकळू लागला. तो मी हातात धरला आणि टिकटिक टिकटिक वाजवत सुटले.

एष्टी थांबली.

जीपवाल्यांना लांबून पोलीस दिसला होता. एष्टीच्या ड्रायव्हरला जवळून आपल्या खात्याचा माणूस दिसला. फाट्यावर अडकलेला, उन्हानं भ्रमिष्ट झालेला एखादा कंडक्टर. मागचं दार उघडलं आणि गाडीचा कंडक्टर खाली वाकला.

"या, या. कोणता डेपो?"

मी छातीवरच्या बिल्ल्याकडं बोट दाखवलं. त्यानं बिल्ल्यावरचा नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या, मिशी बघितली, दोर लावलेला चोर बघितला, काजळ उतरलेली पोरगी बघितली.

"हाऊ बिल्ला तं मन्हा जोडीदारना शे," तो म्हणाला. "आनि तो तं सुटी टाकीसन भाऊना लगीनमा गया."

संपलं, असं मला वाटलं. ननंदेची मुलाखत तर गेलीच, आता नवऱ्याची नोकरीही जाणार. माझा उरलेला ओठही हलेना. पण चुलतसासू पुढं झाली. काजळीनं काळं तोंड, धोतर, कमरेला दोर, आणि आवाज असा की गाडीतलं रडणारं पोरगं गप्प झालं.

"भाऊ, मी वरमाय शे. आज मन्हा आंडोरनी वरात गयी शे. या पोरनी नंदुरबारले मुलाखत शे, नर्सनी. तिले लई जा."

कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं. "वरात आजच गयी का?"

"सकाय."

तोही इकडचाच. त्याच्याही घरी वराती गेल्या असतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंही मान वळवून पाणी मागितलं असेल. तो म्हणाला, "मंग माले काहीच दिसनं नही." ननंदेचा हात धरून त्यानं तिला वर घेतलं, गर्दीतून वाट काढत स्वतःच्या सीटवर बसवलं आणि दोरी ओढून दोनदा घंटी दिली. खिडकीतून एक म्हातारबा डोकं काढून मला म्हणाले, "फौजदार सायेब, आनि या चोरले नही लई जात का?"

गाडी गेली. धूळ खाली बसली. मी मैलाच्या दगडावर बसले आणि हसू लागले, आणि हसताना अर्धी मिशी सालीसकट निघाली. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. ओठ भाजल्यासारखा चुरचुरत होता, बुटांत माती गेली होती, आणि मी हसतच होते. चुलतसासू माझ्याशेजारी बसली, मघाशी टाकलेलं उसाचं कांडं तिनं उचललं, माझा सगळा दरारा दातांनी सोलला आणि अर्धा मला दिला.

संध्याकाळी ननंद जीपनं परतली. वाटभर जीपवाला माणसांना सांगत होता की आज फाट्यावर नवा फौजदार आला होता. बारीकसा, मोठ्या मिशीचा, पण महाकडक. बोलत नाही, नुसता गुरगुरतो. सकाळी सकाळी चोर बांधून आणला होता. पार कोरीट गावापर्यंत कोणाची जास्तीची माणसं बसवायची हिंमत झाली नाही. ननंद मान खाली घालून ऐकत होती, आणि त्या गप्पांत ती कोणाची हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. पुढं कित्येक दिवस आमच्या फाट्यावरून जीपा हळू जायच्या. गावातले लोक त्या फौजदाराला दुवा द्यायचे.

मुलाखतीत तिला विचारलं होतं, रात्री एकटीनं ड्यूटी करायला भीती नाही वाटणार? ती म्हणाली, "नही वाटस. मन्हा घर फौजदार शे."

निकाल कळला तोही एष्टीनंच. आम्ही बायका निंदणीला चाललो होतो. गाडी फाट्यावर हळू झाली, तोच कंडक्टर, नंदुरबारच्या दवाखान्यात लागलेली यादी बघून आलेला, दारातून ओरडला, "वरमायले सांगजा, काम व्हयनं!" आणि गाडी निघून गेली.

आता आप्पांना सांगायचं होतं. सुरतेचे पाहुणे पोरगी बघायला यायच्या बेतात होते. ओसरीवर आप्पा सुपारी कातरत बसले होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी दाराआड. ननंद समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, मी नर्सनी मुलाखत दी उनू."

अडकित्ता थांबला. "कव्हय?"

"वरात गयी त्या दिन."

आप्पांचा चेहरा लाल झाला. ते उठले. "कशी गयी? कोनाजोडे गयी? कोनी–"

"त्या दिवसनं कधी इचारतस का?" सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "नवा संसार शे पोरेसना."

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांच्या ओठांवर एकेक प्रश्न यायचा आणि परत जायचा. कशी गेली, विचारता येत नव्हतं. कोणी पाहिलं, विचारता येत नव्हतं. ताप खरा होता का, तेही नाही. न विचारता ओरडायचं तरी कशावर? ते बसले. उठले. परत बसले. बऱ्याच वेळानं त्यांना एक प्रश्न सापडला, जो त्या दिवसाचा नव्हता.

"मंग... लागनं का नाव?"

"हा."

त्यांनी कातरलेली सुपारी तशीच तबकात टाकली आणि केळीला पाणी द्यायला निघून गेले. पाणी द्यायचा तो दिवस नव्हता. सुरतेला काय निरोप धाडला ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण पाहुणे आले नाहीत.

ननंद ट्रेनिंगला निघाली त्या दिवशी तिची ट्रंक आप्पांनी स्वतः उचलली. फाट्यापर्यंत मी मागून पदर सावरत गेले. आप्पांनी एका जीपला हात दाखवला. ती गेली. दुसरी गेली. तिसरीच्या ड्रायव्हरनं तर आप्पांची पांढरी मिशी बघून वेगच वाढवला. आप्पांनी ट्रंक खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, तेही रस्त्याकडं बघत.

"सूनबाई, आठे गाडी कशी थांबाडतस?" आणि लगेच, घाईनं, "त्या दिवसनं नही इचारी ऱ्हायनू. असंच इचारी ऱ्हायनू."

मला पदर दातांत धरावा लागला. कसंबसं म्हटलं, "एष्टीले हात द्या, आप्पा. एष्टी थांबस."

एष्टी थांबली. कंडक्टर तोच. त्यानं आप्पांना रामराम केला, ट्रंक आत ओढली, माझ्या ओठावरचा सालटं निघालेला डाग बघितला आणि अतिशय गंभीरपणे आकाशाकडं बघू लागला.

हे सगळं ऐकून नात आधी पोट धरून हसली, मग म्हणाली की तिची गोष्ट टुकार आहे, ती बदलावी लागेल. व्हिडिओत आता एक चोर हवा आणि त्याच्या कमरेला दोर हवा. ननंदेनं चहाचा कप खाली ठेवला, तोंडाला काजळी फासून घेतली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी तिच्या कमरेला दोर बांधू लागले. सेफ्टी पिन टोचत होती, बटण तुटायला आलं होतं.

"घट्ट नही ना व्हयनं?" मी विचारलं.

"बांध वं, चांगला घट्ट बांध," ती म्हणाली. "आज माले कोठेच जानं नही."